बंधाऱ्याच्या छेदात एक माणूस काढा

किनाऱ्यावरचे धूपप्रतिबंधक बंधारे पुण्यात बसून आखणाऱ्या अभियंत्यांना, आणि त्या आराखड्यांवर सह्या करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

लहानपणी बंडगार्डन हे नाव ऐकलं की मला वाटायचं, या बागेत कुणीतरी इंग्रजांविरुद्ध बंड केलेलं असणार. पुढे कळलं की हे बंड म्हणजे साधा बंध, बंधारा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात मुळा-मुठेवर तो बांधला, शेजारी बाग झाली आणि दोघांचं मिळून एकच नाव पडलं. पाणी अडवायची जागा आणि संध्याकाळी फिरायची जागा एकच, हे या शहराला दीडशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. तुमच्यातले कित्येक जण रोज त्या पाटीखालून गाडी घालत असतील.

मी कोण, ते आधी सांगते. पुण्यातल्या एका सल्लागार कार्यालयात मी बावीस वर्षं ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलने काढलेला कच्चा आराखडा ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा, स्टेन्सिलने अक्षरं घालायची, मग त्याच्या अमोनिया प्रिंट काढायच्या. त्या खोलीतून बाहेर आलं की डोळे कांदा चिरल्यासारखे चुरचुरत. संगणक आले आणि आमची जात संपली. पण तोवर मी बंधाऱ्यांचे कितीतरी छेद काढले. छेद म्हणजे बंधारा आडवा कापला तर आत जे दिसेल त्याचं चित्र. खाली डबराचा गाभा, त्यावर लहान दगडांचा थर, वर मोठ्या दगडांचं चिलखत, समुद्राच्या बाजूला पायथ्याशी दगडांची टाच, आणि सगळ्यात वर माथ्याची पातळी. उजवीकडे समुद्र, डावीकडे जमीन. भरतीची रेषा तुटक, ०.३ च्या पेनाने.

आमच्या शेजारच्या टेबलावर इमारतींची कामं चालत. त्या नकाशांत माणसं असायची. दारापाशी एक, जिन्यावर एक, क्वचित छत्री घेतलेली बाई. मी विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "मापासाठी असतात हो." बंधाऱ्याच्या छेदात मात्र मी बावीस वर्षांत एकही माणूस काढला नाही. कुणी काढायला सांगितला नाही, आणि खरं तर माझ्याही डोक्यात आलं नाही. तेव्हा या पत्रातली तक्रार थोडी माझ्याविरुद्धही आहे.

पुण्याला समुद्र नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलोय. तरीही किनाऱ्याच्या अभियांत्रिकीत या गावाचा दबदबा मोठा. १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे. तिथल्या लांबलचक शेडमध्ये बंदरांची आणि खाड्यांची छोटी रूपं बांधून त्यांत लाटा सोडतात, भरती-ओहोटी घडवतात. घाटमाथ्याआड, धरणाच्या पायथ्याशी, टिनाच्या छपराखाली समुद्र! मला याचा अभिमान आहे. म्हणूनच हे पत्र मुंबईला न पाठवता इथल्या इथे लिहितेय.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही आणि नाव लिहिलं की तो तेवढाच होऊन बसतो. पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून सुरूचं बन, त्यामागे नारळ-सुपारीच्या वाड्या, मग घरं. काही वर्षांपूर्वी पुळणीवर बंधारा झाला. काळे दगड, पुरुषभर उंच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. गावाने मागितला होता, गावाला मिळाला. आत्याने तर कंत्राटदाराच्या माणसांना कोकम सरबत पाजलं.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन सगळे निघाले आणि बंधाऱ्यापाशी थबकले. पलीकडे जायला वाटच नव्हती. आराखड्यात नव्हती, म्हणून बांधलीही नव्हती. बँडवाले खाली उभे राहून वाजवत राहिले. चार पोरं दगडांवर चढली आणि त्यांनी सोन्याचा कागद लावलेला मानाचा नारळ वरून भिरकावला. तो पाण्यापर्यंत पोचला नाही. दोन दगडांच्या फटीत अडकला आणि तिथेच कुजला. आत्या अजून म्हणते, "दर्याला दिलेला नारळ दगडाने खाल्ला."

आत्याचीच गोष्ट. ती सत्तरीच्या पुढे गेली, तरी सुकट वाळत घालायला पुळणीवर जायची. आता पाटी डोक्यावर घेऊन दगडांवरून उतरायचं. सुटे दगड, त्यांवर हिरवं बुळबुळीत. एकदा पाय फटीत गेला. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. निळ्या पट्ट्याची ती चप्पल मी पुढच्या मे महिन्यात पाहिली, दोन हात खोल, शेजारी पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल आणि कुणाच्या तरी पूजेचं निर्माल्य. जिथे माणसाला उभं राहता येत नाही तिथे कचरा उभा राहतो. पोरांचं क्रिकेट बंद झालं. संध्याकाळी म्हातारे होड्यांच्या सावलीत बसत, तेही बंद. समुद्राला पाठ करून गाव आता रस्त्याकडे तोंड करून बसतं.

मी बंधाऱ्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचायच्या आत तुम्ही मला पर्यावरणवाल्यांच्या रांगेत नेऊन उभं कराल.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी इथे सिंहगड रस्त्यावर होते. इथेही झाडं पडली. गावाचा फोन काही दिवस लागला नाही. लागला तेव्हा आत्याने नुसतं विचारलं, "वाडी मोजू का, राहिलेली झाडं मोजू?" माझे वडील तिथीवरून भरती काढायचे. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. घड्याळाशी थोडा फरक पडतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळची भरती होऊन पाणी उतरणीला लागलं होतं आणि वादळ जमिनीवर आलं ते दुपारी. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. वादळ दोन दिवस रेंगाळलं असतं तर उधाणाची भरती आणि वादळ जवळजवळ एका वेळी दारात उभे राहिले असते. वादळात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र एक सेंटिमीटर वर येतो, आणि वारा पाणी किनाऱ्यावर रेटतो ते वेगळंच. हे तुम्हाला मी काय सांगणार. पण त्या रात्री हा हिशेब करताना माझ्या पोटात गोळा आला होता. आणि माझ्या नंतरच्या प्रत्येक तक्रारीत तो गोळा आहे.

असंच तिथीचं गणित न्यूयॉर्कचं चुकलं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ तिथे पोचलं. आपल्याकडे त्या तारखेला कोजागरी होती. पौर्णिमेची भरती आणि वादळाचा फुगवटा एकत्र आले आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी ओहोटीच्या पातळीपासून जवळजवळ १४ फूट चढलं. भुयारी रेल्वेत शिरलं, वीजकेंद्रात शिरलं, अर्धं मॅनहॅटन अंधारात गेलं. त्यानंतर शहराने ठरवलं की मॅनहॅटनच्या पूर्वेकडच्या नदीकाठावर नुसती भिंत बांधायची नाही. बाग आणि बंधारा एकच करायचा. सुमारे चार किलोमीटर, दीड अब्ज डॉलरच्या आसपास खर्च. याची चित्रं तुम्ही परिषदांमध्ये पाहिली असतील. हिरवे उंचवटे, त्यावर सायकली, कुत्री, फुगे.

मला त्या चित्रांपेक्षा पुढचा भाग जास्त शिकवून गेला. तिथल्या रहिवाशांबरोबर काही वर्षं बैठका झाल्या. ठरलं असं की हमरस्त्याच्या कडेने मातीचा उंचवटा करायचा आणि नदीकाठची बाग वादळात भिजू द्यायची. पाणी येईल, ओसरेल, बाग पुन्हा उठेल. २०१८ मध्ये पालिकेने आराखडा फिरवला. आता अख्खी बागच आठ-दहा फूट उचलायची, म्हणजे जुनी बाग मातीखाली आणि सुमारे हजार झाडांवर कुऱ्हाड. अभियांत्रिकीच्या बाजूने त्यालाही कारणं होती. हमरस्त्याला खेटून काम करण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि नवी बाग भिजणार नव्हती. पण लोकांच्या तोंडचा घास गेला तो गेलाच. झाडांना मिठ्या मारल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२१ च्या अखेरीस करवती चालल्या. बंधारा-बाग हे शब्द जोडून लिहिले म्हणजे बंधारा आणि बाग यांचं भांडण मिटतं असं नाही, एवढं मी त्यातून घेतलं. दोन्हीच्या मधला दुवा कोण होणार, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते तिथे राहणारा माणूस.

हॉलंडचं काटवाइक मला जास्त आवडतं. समुद्रकाठचं छोटं शहर. संरक्षण वाढवणं भाग होतं, पण गावकऱ्यांना समुद्र दिसेनासा व्हायला नको होता. मग त्यांनी दगडी बंधारा वाळूच्या टेकडीच्या पोटात घातला. वर वाळू, वर गवत, पायवाटा. मागच्या बाजूला, त्याच टेकडीखाली साडेसहाशेहून जास्त गाड्यांचा वाहनतळ. २०१५ मध्ये काम पुरं झालं. तिथे फिरायला आलेल्याला आपण बंधाऱ्यावर उभे आहोत हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. हे ज्या देशात झालं त्याने १९५३ च्या एका रात्रीत समुद्राला अठराशेहून अधिक माणसं दिली आहेत. त्यांना बागेचं कौतुक म्हणून त्यांनी ढिलाई केली, असं कुणी म्हणू शकणार नाही.

सिंगापूरचं मरिना बॅरेज तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिलं असेल. खाडीच्या मुखावर ३५० मीटरचा बांध, नऊ दरवाजे, आत गोड्या पाण्याचा साठा, बाहेर समुद्र. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर दरवाजे बंद ठेवून पंपांनी पाणी बाहेर टाकतात. आणि पंपघराच्या छपरावर हिरवळ. लोक तिथे पतंग उडवतात. पंपघराच्या छपरावर! आपल्याकडे पंपघरावर कवटी काढलेली असते.

इतकं लांब कशाला, मुंबईचा मरीन ड्राइव्ह घ्या. समुद्राला अडवणारी भिंत आहे ती. पण तिच्या माथ्याची रुंदी माणूस बसेल एवढी ठेवली आणि त्या एका मापाने शहराला कट्टा दिला. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे भांडलेत, रुसलेत, लग्नं ठरवलीत, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात. छेद काढणाऱ्याच्या हातून पेन दीड फूट इकडे सरकलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

इथे पुणेकर म्हणून एक सावधगिरीचा शब्द. आपल्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून शहरात दोन तट पडलेत, आणि माझं मत विचाराल तर नदीच्या अंगावर बाग घालू नये. पण ते भांडण जसंच्या तसं किनाऱ्यावर नेऊ नका. नदीचं पात्र आवळलं की पाण्याला जायला जागा उरत नाही, पातळी वाढते आणि ते दुसऱ्याच्या घरात शिरतं. २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांनी ते पाहिलं. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटल्यावर पेठांनी पाहिलं. समुद्राचं तसं नाही. तुम्ही चार हात जागा घेतली म्हणून अरबी समुद्र फुगत नाही. तो रागावतो तो वेगळ्या रीतीने.

तो राग असा. उभ्या भिंतीवर लाट आपटते, उलटी फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते. वाळू गेली की पाणी खोल होतं, पाणी खोल झालं की त्याहून मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते. आमचे साहेब सांगायचे, "लाट दुप्पट झाली की दगड आठपट लागतो." वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून. आमच्या गावच्या बंधाऱ्याची टाच याच रीतीने खचली. वरचे दगड खाली बसले आणि माथा आता जागोजागी दात पडल्यासारखा दिसतो. आणि बंधारा जिथे संपतो तिथे समुद्राने उरलेला हिशेब चुकता केला. दक्षिण टोकाच्या वाडीतले बारा नारळ तीन पावसाळ्यांत गेले. त्या घरची सून मला म्हणाली, "तुमच्याकडचं पाणी आमच्याकडे पाठवलंत." मी त्या घरी आता चहाला जात नाही. लाज वाटते.

याउलट उतार पसरट केला तर लाट दमते, दगड हलका चालतो, पायथाही टिकतो. आणि पसरट उतारावर माणूसही चढू शकतो. लाटेला जे मानवतं तेच आत्याच्या गुडघ्यांना मानवतं, हा योगायोग तुम्ही फुकट घालवताय असं मला वाटतं. पसरट उताराला जागा जास्त लागते, हे कबूल. जिथे घरं पाण्याला टेकलीत तिथे ती नाही. तिथे भिंत बांधा, माझी हरकत नाही. पण जिथे पुळण रुंद आहे, तिथे बंधारा मागे सुरूच्या बनाच्या पोटात जाऊ द्या आणि पुढे वाळूची टेकडी राहू द्या. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे, तरी बुलडोझर आधी त्यांनाच सपाट करतो. त्यांवर वाढणाऱ्या वेलीला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. बकरीच्या खुरासारखं पान, जांभळट गुलाबी फूल. मुळांनी वाळू धरून ठेवते. ज्याने कुणी हे नाव दिलं त्याला किनाऱ्याचं अभियांत्रिकी कळत होतं.

आणि जिथे बंधारा गावापुढेच होणार आहे, तिथे त्याला पाखाडी द्या. कोकणात चढावर जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट असते, ती पाखाडी. गावागावांत पाखाड्या आहेत, गवंडी आहेत, चिरे आहेत. वाडीच्या प्रत्येक वाटेसमोर एक. होड्या ओढायला एक उतरण, तीही कोळ्यांना विचारून, कारण होडी कुठून वर येते हे वारा ठरवतो, सर्वेक्षणाचा खुंट नव्हे. माथ्यावर दोन माणसं शेजारून चालतील एवढी फरसबंदी आणि जमिनीच्या बाजूला बसायला कट्टा. बाग म्हणजे मला कारंजी नि डायनासोरचे पुतळे नकोत. सुकट वाळेल, म्हातारे बसतील, पोरं चेंडू आणायला पलीकडे उतरतील, एवढी बाग पुरे.

तुम्ही म्हणाल, पाखाडीच्या खिंडीतून उधाणाचं पाणी आत येईल. येईल ना. मग कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला आपण काय करतो? पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, टाकतो, पाऊस आला की काढतो. इथे उलटं करा. मे अखेरीस बरगे टाकायचे, नारळी पौर्णिमेला काढायचे. न्यूयॉर्कने त्यांच्या बागेच्या खिंडींना सरकते पोलादी दरवाजे बसवलेत. आपल्याला फळ्या पुरतील, फक्त त्या कुठल्या शेडमध्ये ठेवल्यात आणि किल्ली कुणाकडे आहे हे लिहून ठेवा. आमच्याकडे योजना बुडतात त्या बहुतेक वेळा किल्लीपायी.

देखभालीचंही त्यातच येतं. आज आमचा बंधारा खचतोय हे कुणाला कळतं? समुद्राला, आणि बिल काढताना कंत्राटदाराला. ज्या माथ्यावर रोज संध्याकाळी वीस माणसं बसतात तिथला एक दगड हलला तर दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत भांडण होईल. तसलं भांडण कुठल्याही पाहणी अहवालापेक्षा लवकर पोचतं.

खर्चाचा आकडा माझ्याकडे नाही आणि मी तो रचणारही नाही. एवढंच मागते, की पुढचा छेद काढाल तेव्हा माथ्यावर एक माणूस काढा. संगणकात म्हणे एका बटणाने येतो. त्याला उभं राहायला जागा मिळते का, खाली उतरता येतं का, पाटी डोक्यावर असली तर तोल जातो का, ते त्या कागदावरच दिसेल. नाही दिसलं तर मला बोलवा. माझं ०.३ चं रॉट्रिंग पेन अजून चालतं, आठवड्याला धुऊन ठेवते.

येत्या नारळी पौर्णिमेला आमच्या गावी या. पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वा अकरापासून बारापर्यंत पाणी बंधाऱ्याला लागलेलं असेल. अकराला बँड निघतो. नारळ आम्ही देऊ. तुम्ही फक्त तो पाण्यापर्यंत नेऊन दाखवा. चपला बंदाच्या घाला.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर
सिंहगड रस्ता, पुणे